दमा असताना परदेशात जाऊन मॅरेथॉन चालत पूर्ण करता येईल का?

हो, येईल. मात्र दमा आटोक्यात हवा. रात्री खोकल्याने जाग येत असेल किंवा आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर आधी छातीचे डॉक्टर, मग तिकीट.

मी अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या होनोलुलूची मॅरेथॉन सुचवेन. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, पहाटे ५ ला सुटते आणि ४२.१९५ किलोमीटरला वेळेची मर्यादाच नाही, त्यामुळे चालणारे निवांत पूर्ण करतात. थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आवळतात. तिथली हवा उबदार, दमट. पण हवाईच्याच दुसऱ्या बेटावरचा किलाउआ ज्वालामुखी जागृत असेल आणि वारा दक्षिणेकडून आला, तर त्याचं धुरकं ओआहूपर्यंत, म्हणजे होनोलुलूच्या बेटापर्यंत पोचतं. त्या आठवड्यात हवेची प्रत रोज बघाच.

पंप दोन न्या, दोन्ही हातातल्या बॅगेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे) लिहून घ्या. आराम देणाऱ्या पंपातलं आपलं सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल नावाने मिळतं. रोजचा प्रतिबंधक पंप प्रवासात, घड्याळ उलटंपालटं झालं तरी, चुकवू नका.

स्पर्धेत पंप कमरेच्या पट्ट्यात ठेवा. छाती आवळली की लगेच थांबा, पंप घ्या, आणि तरी दम लागत राहिला तर वैद्यकीय तंबू गाठा. पदक पुढच्या वर्षीही मिळेल.