वाचकांचे प्रश्न : आकाशातल्या घड्याळांवर किती भिस्त?

प्रश्न : आमच्या वाचनालयातील चर्चेत एका ज्येष्ठ सदस्यांनी असे सांगितले की, सगळे उपग्रह एकाच दिवशी बंद पडले तर मोबाइल, एटीएम आणि वीज ही तिन्ही त्याच दिवशी बंद होतील. नकाशा आणि दूरचित्रवाणी जाईल हे समजते. पण घरातल्या विजेचा उपग्रहाशी काय संबंध? हे विधान कितपत खरे मानावे?
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : विधान जसेच्या तसे खरे नाही, त्यामागची शंका मात्र रास्त आहे. विजेचा आणि उपग्रहाचा संबंध येतो तो वेळेमुळे. उपग्रहांवरील अवलंबित्वाची चर्चा होते तेव्हा नेमकी हीच बाजू मागे राहते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

आपण कुठे आहोत हे जीपीएसचा उपग्रह आपल्याला सांगत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो दोनच गोष्टी सतत सांगत असतो : माझ्या घड्याळात आत्ता किती वाजले आणि मी स्वतः कुठे आहे. तो संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून आपला फोन अंतर काढतो. रेडिओलहरी एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, सुमारे ३०० मीटर जातात. त्यामुळे घड्याळ एवढेसे चुकले तरी आपले घर नकाशावर दुसऱ्याच गल्लीत दिसेल. यासाठी या उपग्रहांत अणुघड्याळे, म्हणजे अणूंच्या कंपनांवरून वेळ मोजणारी अतिशय अचूक घड्याळे, बसवलेली असतात. सापेक्षता सिद्धान्तानुसार ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, आणि ही तफावतही आधीच हिशेबात धरलेली असते. आपल्या फोनमधले घड्याळ साधे असल्याने त्याची चूक शोधण्यासाठी तीनऐवजी चार उपग्रहांचे संदेश लागतात. या साऱ्या खटाटोपाचा एक आनुषंगिक लाभ असा की, छतावर छोटीशी अँटेना लावणाऱ्या कोणालाही अणुघड्याळाच्या तोडीची वेळ विनामूल्य मिळू लागली. मोबाइल मनोरे, वीज उपकेंद्रे आणि शेअर बाजाराचे संगणक यांनी ती घेतली, आणि पुढे त्यांची रचनाच ती मिळत राहील असे गृहीत धरून होऊ लागली.

आपण सोलापूरचे आहात, म्हणून विजेचे उदाहरण तिथलेच घेतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडले गेले. तेव्हापासून हे सारे जाळे ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या, एकाच ठेक्यावर चालते. त्यात ताण कुठे येतो आहे हे ओळखण्यासाठी शेकडो किलोमीटर अंतरावरच्या उपकेंद्रांतील विद्युत्प्रवाहाची आवर्तने एकाच क्षणी मोजून एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. एका आवर्तनाचे वर्तुळासारखे ३६० अंश धरले, तर एका अंशाचा फरक सुमारे ५५ मायक्रोसेकंदांचा झाला. इतक्या बारकाईने ‘एकच क्षण’ ठरवण्याचे काम उपग्रहाची वेळ करते. ती मिळाली नाही तर आपल्या घरातला दिवा विझणार नाही, कारण वीज निर्माण करणे आणि वाहून नेणे यासाठी उपग्रह लागत नाही. परंतु नियंत्रण कक्षातील अभियंत्यांची नजर अधू होईल, आणि त्याच दिवशी जाळ्यात मोठा बिघाड झाला तर तो वेळेवर ध्यानात येणे अवघड जाईल.

मोबाइलचे दुखणे याहून गंभीर आहे. ५जीमध्ये बहुतांश ठिकाणी पाठवणे आणि घेणे एकाच लहरीवर आळीपाळीने चालते. शेजारचे मनोरे ही पाळी एकाच वेळी बदलतात म्हणूनच त्यांचे संदेश एकमेकांत मिसळत नाहीत, आणि त्यासाठी प्रत्येक मनोऱ्याचे घड्याळ प्रमाणवेळेपासून साधारण दीड मायक्रोसेकंदापेक्षा अधिक ढळून चालत नाही. उपग्रह गेला तर मनोऱ्यातले स्वतःचे घड्याळ त्याच्या दर्जानुसार काही तास किंवा काही दिवस तग धरते. त्यानंतर सेवा एका झटक्यात न जाता हळूहळू खराब होत जाते. एटीएमचे म्हणाल तर शहरातली यंत्रे बहुधा जमिनीवरच्या तारांनी जोडलेली असतात. डोक्यावर व्हीसॅटची, म्हणजे थेट उपग्रहाशी जोडणारी, डिश असलेले आडगावातले यंत्र मात्र खरोखर त्याच दिवशी बंद पडेल. म्हणजे आपल्या सदस्यांचे म्हणणे सोलापुरापेक्षा दुर्गम भागाला अधिक लागू पडते.

हे केवळ कल्पनेतले नाही. १९ मे १९९८ रोजी ‘गॅलेक्सी ४’ हा एकच दळणवळण उपग्रह आपली दिशा राखू शकला नाही आणि अमेरिकेतील बहुसंख्य पेजर (छोटे संदेश घेणारी खिशातली यंत्रे) मुके झाले. ते पेजर त्या काळी रुग्णालयांतले डॉक्टरही वापरत असत. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांवर चुकीची माहिती चढवली गेली आणि त्यांची प्रमाणवेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकली. नकाशे व्यवस्थित चालू होते, त्यामुळे सामान्य माणसाला काहीच जाणवले नाही. दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणांत मात्र कित्येक तास धोक्याचे इशारे वाजत राहिले आणि ब्रिटनमध्ये डिजिटल रेडिओ विस्कळीत झाला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवरील आक्रमणाच्या दिवशी, ‘का-सॅट’ या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहाच्या जमिनीवरील मोडेमवर सायबर हल्ला झाला. त्या वेळी जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांशी दूरसंपर्क तुटला. पवनचक्क्या फिरत राहिल्या, पण त्यांच्यावर दुरून देखरेख करता येईना. मला हे उदाहरण सर्वांत बोलके वाटते, कारण उपग्रह शाबूत होता आणि पवनचक्क्याही शाबूत होत्या; तुटला तो मधला दुवा, आणि त्याला दुसरा पर्याय हाताशी नव्हता.

प्रश्न : परदेशातील मुलाशी आम्ही रोज व्हिडिओवर बोलतो. हे बोलणे उपग्रहामार्फत होते ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बहुतेक करून नाही. खंडाखंडांतील इंटरनेटची वाहतूक जवळजवळ सगळी समुद्रतळावरील प्रकाशतंतूंच्या केबलींतून होते, आणि भारतात येणाऱ्या अशा अनेक केबली मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो, त्यामुळे संभाषणात अडखळणेही जाणवते. उपग्रहाचे मोल कळते ते केबल नसते तेव्हा. लक्षद्वीपला समुद्राखालची केबल जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. तोवर तेथील बेटांची सारी भिस्त उपग्रहांवर होती. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगा या द्वीपराष्ट्राची केबल तुटली, तेव्हाही जगाशी संपर्क पुन्हा जुळला तो उपग्रहांमुळे.

प्रश्न : जीपीएस अमेरिकेच्या हातात आहे. आपली ‘नाविक’ प्रणाली असताना आपण निर्धास्त का राहू शकत नाही?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ‘नाविक’ची रचना सात उपग्रहांची आहे आणि भारत व सभोवतालचा सुमारे १,५०० किलोमीटरचा प्रदेश हे तिचे क्षेत्र आहे. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला. पुढे घात झाला तो घड्याळांनीच. आयात केलेली रुबिडियम धातूची अणुघड्याळे एकामागून एक बंद पडू लागली आणि पहिल्या उपग्रहातली तिन्ही निकामी झाली. त्याच्या जागी २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह अग्निबाणाचे उष्णतारोधक कवच न उघडल्याने आतच अडकून राहिला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या ‘एनव्हीएस-०१’ या ‘नाविक’च्या नव्या उपग्रहावर देशात घडवलेले रुबिडियम घड्याळ आहे, आणि ही खरोखर मोठी कमाई आहे, कारण असे घड्याळ बनवू शकणारे देश मोजकेच आहेत. परंतु २९ जानेवारी २०२५ रोजी गेलेला ‘एनव्हीएस-०२’ इंजिनाची झडप न उघडल्यामुळे ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही. स्थान काढायला किमान चार उपग्रह लागतात, हे लक्षात घेतले की एकेक उपग्रह गमावणे किती महागात पडते ते कळते.

आपण अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून आणखी एक सुचवतो. स्वदेशी उपग्रह असला तरी त्याचाही संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो, आणि जवळचे लहानसे यंत्रही तो बुजवू शकते. म्हणून वेळेसाठी जमिनीवरचा पर्याय हवाच. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते, आणि तीच वेळ अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद व गुवाहाटी येथील पाच प्रयोगशाळांमार्फत देशभर पोहोचवण्याचे काम हाती घेतलेले आहे. उपग्रह सोडण्याच्या बातमीइतकी या कामाची बातमी गाजत नाही; माझ्या मते त्याचे महत्त्व तसूभरही कमी नाही.

प्रश्न : आमचे कुटुंब मासेमारी करते. भाऊ आता पूर्णपणे जीपीएसवर नौका चालवतो. वडील म्हणतात, होकायंत्र आणि डोंगराच्या खुणा विसरलात तर एक दिवस दर्या शिकवील. २००९ च्या फयान वादळात आमच्या भागातल्या कित्येक नौका समुद्रात होत्या, ते त्यांच्या मनातून जात नाही. दोघांत कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, हर्णे

उत्तर : आपल्या भावाला उपग्रहाकडून नौकेच्या स्थानाखेरीज आणखी तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि त्यांचा वेगवेगळा विचार करायला हवा. पहिली गोष्ट मासळीच्या जागेचा अंदाज. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था समुद्राचा रंग आणि पृष्ठभागाचे तापमान उपग्रहांवरून पाहून संभाव्य मत्स्यक्षेत्रांची माहिती देते. हा अंदाज एखाद्या दिवशी मिळाला नाही तर फार तर डिझेल जास्त जळेल. दुसरी गोष्ट वादळाची सूचना. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१९ मध्ये ‘फनी’ वादळ त्याच किनाऱ्यावर येण्यापूर्वी बारा लाखांच्या आसपास लोकांना हलवता आले. यात उपग्रहांच्या चित्रांचा वाटा मोठा आहे, निवाऱ्यांचा आणि घरोघर फिरणाऱ्या माणसांचाही आहे.

परंतु समुद्रात असलेल्या नौकेपर्यंत ती सूचना पोहोचणे ही तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट आहे, कारण किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज संपते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेले ‘जेमिनी’ यंत्र उपग्रहावरून इशारा घेऊ शकते, मात्र त्यातून उत्तर पाठवता येत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू झालेल्या योजनेत एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारी-घेणारी यंत्रे, बसवायची आहेत आणि त्यांतून दोन्ही बाजूंनी संदेश जाऊ शकतात. आपल्या नौकेवर असे यंत्र बसले आहे का, याची चौकशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांकडे जरूर करावी.

आता वडिलांविषयी. जीपीएस ग्रहक, म्हणजे उपग्रहाचा संदेश घेणारा नौकेवरचा संच, बंद पडायला उपग्रह बिघडावा लागत नाही. खारे पाणी शिरणे किंवा बॅटरी उतरणे पुरेसे असते. अशा वेळी सुवर्णदुर्ग किल्ला कोणत्या अंगाला ठेवून बंदरात यायचे, कुठे किती वाव खोल पाणी आहे आणि वारा फिरला तर कोणत्या खाडीचा आसरा घ्यायचा, हे ज्याला पाठ आहे तोच तांडेल (नौकेचा प्रमुख) नौका सुखरूप आणतो. म्हणून दोघांचेही ऐकावे : भावाने ग्रहक वापरावा, नौकेवर होकायंत्र आणि व्हीएचएफ संच (जवळच्या नौकांशी व किनाऱ्याशी बोलण्याचा रेडिओ) चालू स्थितीत ठेवावा, आणि हवा चांगली असेल अशा दिवशी वडिलांना सोबत घेऊन, ग्रहक झाकून ठेवून, एकदा तरी परतीचा प्रवास खुणांवर करावा. वडिलांना दिसणाऱ्या खुणा त्याच फेरीत वहीत उतरवून घ्याव्यात, आणि प्रत्येक खुणेपुढे ग्रहकावरचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवावेत.