शिरोळ तालुक्यात १ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आहे; विमा घेताना काय तपासावे?

आपल्या प्रश्नानुसार बँकेने कर्जासाठी विमा सक्तीचा केला आहे आणि सर्वांत कमी प्रीमियमची पॉलिसी घ्यावी, असे आपल्या मनात आहे. मी कोल्हापूर परिसरात विमा सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करून तिचा अंदाज देणारा) म्हणून काम करतो, त्यामुळे मी हा प्रश्न क्लेमच्या बाजूने पाहतो. बँकेला कर्जाच्या रकमेइतके संरक्षण हवे असते. आपला हप्ता मात्र दरमहा विकल्या जाणाऱ्या विजेवर चालणार आहे, आणि साध्या पॉलिसीत ते उत्पन्न धरलेलेच नसते.

५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. तिच्यात आगीबरोबर पूर आणि वादळही येते, पण भरपाई मिळते ती वस्तूंची. वीजनिर्मिती बंद राहिल्याचे नुकसान हवे असेल, तर 'लॉस ऑफ प्रॉफिट' स्वतंत्रपणे घ्यावे लागते, आणि तेही विमा उतरवलेल्या मालमत्तेलाच इजा झाली असेल तरच लागू होते. २०१९ च्या महापुरात आपल्या जिल्ह्यात वीज उपकेंद्रे पाण्याखाली गेली होती. अशा वेळी आपले पॅनेल माळावर कोरडे राहिले, तरी फीडर (उपकेंद्राला जोडणारी वीजवाहिनी) बंद म्हणजे विक्री बंद, आणि साधी पॉलिसी त्याबद्दल एक रुपयाही देणार नाही. यासाठी महावितरणच्या उपकेंद्रातील बिघाड समाविष्ट करणारी वाढीव तरतूद मागावी. ती मिळेलच असे नाही, पण लेखी नकार आला तरी बँकेशी बोलताना तो उपयोगी पडतो.

पुराबाबत माझा आग्रह विम्याआधी जागेच्या पातळीचा आहे. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. गावातील जाणत्या माणसांकडून त्या दोन वर्षांच्या पाण्याची खूण पाहून घ्यावी आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज ग्रिडयोग्य करणारे यंत्र) व ट्रान्सफॉर्मरचे जोते तिच्याहून उंच बांधावे. गाळ धुतल्यावर पॅनेल वरून नवेकोरे दिसतात, परंतु मागच्या जंक्शन बॉक्समध्ये (तारा जोडलेल्या डबीत) ओल राहिलेली असते आणि मेगर (इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावताच इन्सुलेशन कोसळलेले कळते. म्हणून चाचणीपूर्वी प्रकल्प सुरू करू नये; त्यातून झालेल्या पुढच्या नुकसानीवर वाद होतोच. ऑगस्टमध्ये ढगांमुळे निर्मिती तशीही कमी असते, पण इन्व्हर्टर बदलून येईपर्यंत ऑक्टोबरचे स्वच्छ ऊन हातचे जाते. खरा तोटा तिथे असल्यामुळे लॉस ऑफ प्रॉफिटची मुदत आणि सुरुवातीचे किती दिवस आपल्या खिशातून जातील, हे दोन आकडे नीट वाचावेत.

विमा रक्कम कमी लावण्याचा मोह टाळावा. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत विमा रकमेतील १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते; त्यापुढे भरपाईला कात्री लागते. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: काही वर्षांनी त्याच वॅटचे, त्याच मापाचे पॅनेल बाजारात मिळत नाहीत आणि वेगळ्या क्षमतेचे पॅनेल जुन्या स्ट्रिंगमध्ये (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलच्या साखळीत) बसवले, तर सगळी स्ट्रिंग कमजोर पॅनेलच्या तालावर चालते. समजा, वीस पॅनेलच्या स्ट्रिंगमधले पाच तुटले, तर त्या पाचांचे पैसे मिळतात, पण जुळणारे पॅनेल न मिळाल्याने उरलेले चांगले पंधराही पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. त्यामुळे कंत्राटदाराकडून सुरुवातीलाच थोडे पॅनेल शिल्लक ठेवून घ्यावेत; त्यांचा खर्च कर्जात बसतो.

तांब्याच्या केबलची चोरी वेगळ्या पॉलिसीत येते, तर पॅनेलची हळूहळू घटणारी क्षमता ही उत्पादकाच्या वॉरंटीची बाब आहे, विम्याची नव्हे. उभारणी चालू असतानाच्या काळासाठी 'इरेक्शन ऑल रिस्क' (उभारणीतील नुकसानीचा विमा) पॉलिसी कंत्राटदाराच्या नावावर असेल, तर तिच्यात आपले आणि बँकेचे नाव जोडून घ्यावे, आणि ती संपण्याची तारीख व मुख्य पॉलिसी सुरू होण्याची तारीख यांत एकाही दिवसाचे अंतर राहू देऊ नये.