गॅलरीतल्या कुंडीत कोथिंबीर का टिकत नाही? सोबत पुदिना आणि गवती चहा लावता येईल का?

कोथिंबिरीचं बहुतेक वेळा पेरणीतच बिनसतं. वाण्याकडचे धणे चालतात, पण अख्खे पेरू नका. लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि थेट पसरट कुंडीत एक सेंटीमीटर खोल पेरा. साधारण 8 ते 12 दिवसांत उगवतात. रोपं उपटून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका. सोटमूळ दुखावलं की कोथिंबीर लवकर फुलावर येते. एप्रिल-मेच्या उन्हातही तेच होतं, तेव्हा तिला फक्त सकाळचं ऊन द्या.

पुदिना त्या मानाने फार सोपा. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्यांची खालची पानं काढून पाण्यात ठेवा, आठवड्या-दीड आठवड्यात मुळं फुटतात. मात्र त्याला वेगळी कुंडी हवीच, नाहीतर तो पसरून शेजारच्या रोपाला जागाच ठेवत नाही. गवती चहाला खोल कुंडी आणि भरपूर ऊन.

नुसती लाल माती घट्ट बसते, म्हणून निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत मिसळा. मातीत बोट खुपसून बघा, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी घाला. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा.