जुलैत आंबोली: पाठीच्या फोटोवरून बेडकाची जात सांगू नका

आठ विद्यार्थ्यांना घेऊन जुलैत आंबोलीतल्या बेडकांची यादी करायची आहे. जाती फोटोंवरून ओळखता येतील का, असं तुम्ही विचारलंय. फक्त पाठीचा फोटो असेल तर बहुतेक वेळा नाही. पाठीचा रंग सगळ्यात फसवा. मिनर्वार्या या बेडकांच्या प्रजातीगटात (जुन्या पुस्तकांत फेजेर्वार्या) एकाच जातीतल्या काहींच्या पाठीवर मधोमध पट्टा असतो, काहींच्या नसतो. झुडपी बेडूक तर दिवसा आणि रात्री वेगळ्या छटेचे दिसतात.

प्रत्येकाचे पाच फोटो घ्या: वरून, बाजूने (कानाचा पडदा आणि त्यावरची घडी दिसेल असा), पोट, मांडीची आतली बाजू आणि मागच्या पायाचा तळवा, बोटं पसरून. तळव्याचा फोटो कधीच चुकवू नका. बोटांमधला पडदा टोकापर्यंत जातो की अर्ध्यावर थांबतो, टाचेजवळ माती उकरायचा फावड्यासारखा उंचवटा आहे का, हे तिथेच कळतं. पोटाच्या दोन्ही कडांना बारीक रेषा दिसल्या तर मिनर्वार्या. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजा.

मिनर्वार्या आणि झुडपी बेडकांत आवाजाशिवाय जात ठरवू नका. फोनचा साधा रेकॉर्डर बऱ्याचदा बेडकाचा आवाजच गोंगाट समजून दाबतो, म्हणून नॉइज रिडक्शन बंद ठेवून वेव्ह फाइल करा. एक मीटरवरून दोन मिनिटं पुरतात. तारीख, जागा आणि हवेचं तापमान शेवटी बोला, आवाजावर नको. तापमान लागतंच, कारण उबेत त्याच जातीच्या हाकांचा वेग वाढतो. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट तुलनेला चालत नाही. एवढं करूनही जात ठरली नाही तर वहीत ‘मिनर्वार्या, जात अनिश्चित’ लिहा. ती नोंद खोट्या नावापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

आठ जण एकत्र हिंडले की सगळे बेडूक गप्प होतात. चार जोड्या करून एकेक जागा द्या: सडा (उघडं कातळाचं पठार), ओढा, जंगलातली पायवाट, डबकी. संध्याकाळी सातनंतर प्रत्येक जोडीने अर्धा तास शोधलं की एक मनुष्यतास होतो. ओढ्याकाठी 100 मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्टा आखा. पोचल्यावर बॅटरी बंद करून दहा मिनिटं थांबा आणि ऐकलेले व पाहिलेले बेडूक वेगळे लिहा. झुडपांत हात घालण्याआधी उजेड टाका. तिथे चापडा हा विषारी सापही बसतो.

आंबोली टोड (झँथोफ्रिन टायग्रिना, वर्णन 2009) सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो, तेही मुख्यतः पहिल्या सरींच्या सुमारास. जुलैत तो कमी दिसला म्हणून संख्या घटली असं लिहू नका. वितभर डबक्यातही पाय देऊ नका, त्यात डिंभ (बेडकांची पिल्लं) असतात. राओर्चेस्टिस घाटेई या झुडपी बेडकाचं वर्णन 2013चं, त्यामुळे त्याआधीच्या यादीशी ताडून पाहाल तर हे नावच सापडणार नाही.

जळवांसाठी लावलेलं मीठ, तंबाखू किंवा डासांचं मलम हाताला असेल तर बेडकाला हात लावू नका. त्याची त्वचा सगळं शोषून घेते. प्रत्येकासाठी नवी प्लास्टिक पिशवी वापरा, एका पिशवीत दोन नकोत. बेडकांच्या त्वचेला रोग करणारी कायट्रिड बुरशी एका ओढ्यातून दुसऱ्यात बुटांवरून जाते. आधी ब्रशने चिखल काढा, कारण चिखलात ब्लीच निकामी होतं. मग बूट एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (म्हणजे ब्लीचमध्ये) दहा मिनिटं बुडवा आणि ओढ्यापासून दूर धुवा. राखीव जंगलात जाण्यासाठी आणि बेडूक हाताळण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी आत्ताच मागा, तिला वेळ लागतो.