शपथ घेण्याआधी

काल तू विचारलंस, शपथेत असं काय असतं की बायकोलाही सांगायचं नाही? सांगतो. कॅम्पातल्या आमच्या फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या शाखेत, मी बावीस वर्षं जातोय. गुपित म्हणजे ओळखीच्या खुणा, हात मिळवायची पद्धत, काही शब्द, एवढंच. सभासद असल्याचं लपवायची गरज नाही, घरी तर मुळीच लपवू नकोस.

शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेतात. गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ज्याचा जो. त्याआधी तुला सांगितलं जाईल की यातलं काहीही तुझ्या नागरी, नैतिक किंवा धार्मिक कर्तव्याच्या आड येत नाही. ते वाक्य नीट कान देऊन ऐक. माझ्या लेखी सगळ्या विधीत तेच सर्वांत मोलाचं.

कारण कर्तव्य बाजूला ठेवून आपल्या माणसाला मदत करायचा मोह तिथेच होतो. एकदा जेवणानंतर सुपारी कातरता कातरता लॉजमधल्या एका बंधूने, म्हणजे सभासदाने, मला पुतण्याच्या टेंडरची फाइल पुढे सरकवायला सांगितलं. "आपल्यातलाच आहे," म्हणाला. मी नाही म्हटलं. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. फार लागलं मनाला, पण पुन्हा वेळ आली तरी नाहीच म्हणेन. हे 'आपल्यातलाच' कुठवर जातं बघ: इटलीत १९८१ साली पी-टू नावाच्या लॉजच्या गुप्त सभासदांची यादी सापडली, ९६२ नावांची. त्यात मंत्री होते, लष्करी अधिकारी होते. सरकार कोसळलं.

वर्गणी किती ते आधीच विचारून घे. आणि वहिनींना एकदा आमच्या घरी घेऊन ये; हिच्याशी मोकळेपणी बोलू दे त्यांना.