हाताने गोधडी शिवायला घेतली, दोन महिने झाले तरी अर्धीही नाही. काही चुकतंय का?

वेग ठीक आहे. रोज तासभर बसून मोठी गोधडी तीन-चार महिने खातेच. मधे फुगे येत असतील तर मात्र थांबा. आपल्याकडे धावदोरा कडेपासून चौकोनात आत आत नेतात, त्यामुळे सैल राहिलेलं कापड सगळं मध्यावर गोळा होतं. म्हणून आधी फरशीवर साड्या ताणून, कोपऱ्यांवर वरवंटा-डबे ठेवून, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालायचे. हे टाळलं की उसवणं आलंच. मी दोनदा उसवलीय.

दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. आणि सिंथेटिक साडी आत नको, घसरते. जुनं सुती नऊवारी मिळालं तर सोनंच!