पेडल वाईट की ॲडॉप्टर चुकीचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गिटारच्या पेडल्सची (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्यांची) दुरुस्ती हेच माझं काम असल्यामुळे प्रश्न सतत येतात आणि त्यांत तेच ते गैरसमज फिरून दिसतात. या वेळी लोकप्रिय पेडल्सच्या गुणदोषांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. 'सर्वांत चांगलं ओव्हरड्राइव्ह (आवाज हलका फाडणारं पेडल) कोणतं?' असं विचारणाऱ्यांनी आपली गिटार, पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) आणि ॲम्प कोणता तेही कळवावं. त्याशिवाय दिलेलं उत्तर म्हणजे नुसता अंदाज असतो.

प्रश्न : माझ्याकडे ट्यूब स्क्रीमर टीएस९ हे ओव्हरड्राइव्ह आहे. त्यात जुनी ४५५८ चिप बसवली की अस्सल ८०८चा (याच पेडलच्या आधीच्या मॉडेलचा) आवाज येतो असं ऐकलं. बसवून घेऊ का?

नको. ४५५८ ही अगदी साधी, ढिगाने बनलेली ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी) चिप आहे, तिच्यात जादू नाही. ट्यूब स्क्रीमरचा आवाज घडतो तो चिपच्या फीडबॅकमध्ये बसवलेल्या दोन डायोडमुळे आणि साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा बास त्या टप्प्यावर कमी वाढवला जातो त्यामुळे. ८०८ आणि टीएस९ यांच्यातला मुख्य फरक आउटपुटजवळच्या दोन रेझिस्टरचा आहे आणि तो फार मोठा नाही. 'जुन्या साठ्यातली चिप' म्हणून जे विकलं जातं, त्यावर छापलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. नवशिक्या हाताने चिप काढताना बोर्डावरचा तांब्याचा पॅड उखडला, तर चांगलं पेडल हकनाक बाद होतं.

या पेडलचं बळ मिडमध्ये, म्हणजे बास आणि ट्रेबलच्या मधल्या पट्ट्यात आहे. ट्यूब ॲम्प नुकताच फाटायला लागला असेल, तर ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून बघा. सोलो बँडच्या वर येतो. स्वच्छ ट्रान्झिस्टर ॲम्पवर मात्र तेच पेडल नाकात बोलल्यासारखं आणि बासविना वाटतं. तो त्याचा बिघाड नाही, स्वभाव आहे.

प्रश्न : बॉस डीएस-१ हे डिस्टॉर्शन पेडल माझ्या ॲम्पवर मधमाश्यांच्या थव्यासारखं वाजतं. पेडल नकली आहे का?

बहुधा नाही. १९७८ पासून हे पेडल असंच वाजत आलं आहे. त्याचा टोन नॉब मध्यावर असतानाच मिड खाली गेलेला असतो, पुढे फिरवला की ट्रेबल बोचतो. टोन घड्याळातल्या ९ वाजताच्या जागी आणि डिस्टॉर्शन निम्म्याखाली ठेवा, ॲम्पचा मिड वाढवा. तरीही बोचत असेल तर पेडल आणि ॲम्प दोन्ही एकत्र तंत्रज्ञाला ऐकवा. एकटं पेडल घेऊन गेलात तर त्याला काहीच दोष सापडणार नाही.

प्रश्न : रॅट या डिस्टॉर्शन पेडलचा फिल्टर नॉब उजवीकडे फिरवला की आवाज मंद होतो. उलटा बसवलाय?

नाही. तो तसाच असतो.

प्रश्न : डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) डिस्टॉर्शनच्या आधी की नंतर?

नंतर.

प्रश्न : घरात राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर होता, पिन बसली म्हणून लावला. एक पेडल गप्प झालं, दुसरं चालतंय पण गुणगुणतं. दुकानदार म्हणतो, 'जास्त व्होल्टला हेडरूम (आवाज फाटण्याआधीची मोकळीक) वाढतो, काही होत नाही.' नेमकं काय वापरावं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो, म्हणून सविस्तर लिहितो. पिन बसणं आणि वीज जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजची बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या जॅकमधली मधली पिन ऋण असते. घरातल्या इतर उपकरणांच्या ॲडॉप्टरमध्ये ती बहुतेक वेळा धन असते. वीज उलटी गेली की अनेक जुन्या पेडल्समधला संरक्षक डायोड सगळा प्रवाह स्वतःवर घेतो. मागचं झाकण उघडल्यावर मला दिसतं ते असं : डीसी जॅकच्या शेजारी मधोमध तडकलेला छोटा डायोड, खाली बोर्डावर तपकिरी डाग आणि करपल्याचा वास. एवढ्यावर निभावलं तर नशीब. डायोड तुटून उघडा पडला आणि ॲडॉप्टर तसाच राहिला, तर पुढची पाळी चिपची.

आता हेडरूमबद्दल. काही पेडल्स १८ व्होल्टवर खरोखर जास्त मोकळी वाजतात, पण ती कोणती हे फक्त बनवणाऱ्याने सांगायचं. ज्या पेडल्समध्ये व्होल्टेज आतच दुप्पट करणारी चार्ज पंप चिप असते, त्यांतल्या अनेक चिप्सची मर्यादा १० व्होल्टच्या आसपासच असते. तिथे १२ दिले तरी खेळ खलास. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवरही कमाल व्होल्टेज छापलेलं असतं. 'काही होत नाही' म्हणणाऱ्या दुकानदाराला विचारा, झालंच तर दुरुस्तीचा खर्च तुम्ही देणार का?

काही पेडल्स तर वेगळ्याच जातीची. डिजिटेकच्या जुन्या व्हॅमीला ९ व्होल्ट एसी लागतो. जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरवाल्या कित्येक फझमध्ये (आवाज पार फाडणाऱ्या पेडल्समध्ये) धन बाजू ग्राउंडला असते. असं फझ इतर पेडल्सबरोबर एकाच माळेतल्या (एका ॲडॉप्टरवरून सगळ्यांना वीज नेणाऱ्या) वायरला जोडलं की शॉर्ट होतं. बॉसच्या जुन्या पेडल्सवर 'एसीए' लिहिलेलं असेल तर ती तेव्हाच्या १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरसाठी होती. अशी पेडल्स बॅटरीवर ठणठणीत आणि ९ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर मलूल वाजतात, दिवाही मिणमिणतो. लोक ती 'मेली' म्हणून विकून टाकतात. फार वाईट वाटतं.

मिलिॲम्पचं उलट आहे. पेडल लागेल तेवढाच प्रवाह घेतं, त्यामुळे ॲडॉप्टरची क्षमता जास्त असली तर काही बिघडत नाही, कमी असली तर बिघडतं. साध्या डिस्टॉर्शनला काही मिलिॲम्प पुरतात, डिजिटल डिलेला त्याच्या कित्येक पट लागतात. डिजिटल पेडल बाकीच्यांबरोबर एकाच माळेत असेल तर त्याच्या क्लॉकची बारीक शिट्टी सगळ्यांत शिरते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय. इथेही जपून, कारण 'आयसोलेटेड' असं डब्यावर छापलेले काही सप्लाय आतून एकाच ग्राउंडवर असतात.

तुमच्याबाबतीत : गुणगुणणारं पेडलही लगेच बंद करा. दोन्ही पेडल्स आणि तो ॲडॉप्टर तंत्रज्ञाकडे न्या. काय लावलं होतं ते लपवू नका. लोक लपवतात आणि निदानात निष्कारण वेळ जातो. 'पुढच्या कार्यक्रमानंतर बघू' असं तर मुळीच नको.

प्रश्न : बिग मफ हे फझ घरी एकट्याने वाजवताना भव्य वाटतं, बँडमध्ये गायब होतं. का?

त्याच्या टोनच्या रचनेत मिडला खड्डा आहे आणि बँडमध्ये गिटार ऐकू येते ती मिडमुळेच. मागून बास गिटार आणि वरून सिंबल तुम्हाला झाकतात. लांब ताणलेले सूर आणि जाड भिंतीसारखा आवाज हे त्याचं वैभव, ते सोडू नका. मफच्या नंतर इक्वलायझर लावून मिड उचला किंवा मिड नॉब असलेली आवृत्ती घ्या. घेण्याआधी बँडबरोबर वाजवून बघा. दुकानातल्या पाच मिनिटांत हा दोष कळत नाही.

प्रश्न : फझ फेस हे फझ वाहच्या (पायाने हलवून 'वाव-वाव' आवाज काढायच्या पेडलच्या) नंतर लावला की किंचाळतो. शिवाय एक दिवस छान, दुसऱ्या दिवशी घुसमटलेला. बदलून घेऊ?

थांबा. फझ फेसची इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला असलेला रोध) फार कमी आहे. त्याला गिटारचा पिकअप थेट समोर हवा, म्हणून साखळीत पहिला लावा. बफर (सिग्नल लांब केबलमध्ये टिकवणारं सर्किट) त्याच्या आधी आला तर गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करण्याचा त्याचा मोठा गुण निघून जातो. ट्रान्झिस्टर जर्मेनियम असतील तर ते तापमानाने बदलतात. रात्रीच्या गारव्यात एक आवाज आणि तापलेल्या दिव्यांखाली दुसरा, हे होणारच. सिलिकॉनमध्ये हा त्रास खूप कमी, पण आवाज अधिक कडक. थंड खोलीतही घुसमटत असेल तर बायस (ट्रान्झिस्टरला दिलेलं मूळ व्होल्टेज) तपासून घ्या. आतला ट्रिमर (ते बदलायचा छोटा स्क्रू) स्वतः फिरवणार असाल तर आधी त्याची मूळ जागा खुणेने नोंदवा.

प्रश्न : सगळी पेडल्स ट्रू बायपासच (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारी) हवीत ना?

असा नियम नाही, ही जाहिरात आहे. केबलची कॅपॅसिटन्स दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. सगळी पेडल्स बंद असताना गिटारचा पिकअप ही पूर्ण लांबी ओढतो आणि ट्रेबल गळतो. लांब साखळीत एक चांगला बफर हवाच. जुन्या वाहसारखी, बंद असतानाही सिग्नलवर भार टाकणारी पेडल्स तेवढी टाळा.

प्रश्न : वाह हलवताना खरखरतं. गंजावर मारायचा स्प्रे मारू?

नाही. आतला पॉट (फिरणारा रेझिस्टर) झिजला किंवा मळला आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, त्यानेही थांबलं नाही तर पॉट बदलून घ्या.

प्रश्न : एक विक्रेता 'क्लोन' (Klon) या ब्रँडच्या सेंटॉर ओव्हरड्राइव्हसारखं पेडल देतोय. आत सर्किटवर काळा रेझिन ओतलाय, 'गुपित आहे' म्हणतो. घ्यावं का?

मूळ सेंटॉर बिल फिनेगन यांनी १९९४ मध्ये बाजारात आणलं, त्यावर रेझिन होता. पण ते सर्किट केव्हाच उलगडलं गेलं आहे आणि त्याच्या उघड्या, दुरुस्त करता येणाऱ्या प्रती कितीतरी मिळतात. आज कोणी प्रतीवर रेझिन ओतत असेल तर तुमच्या पदरात एवढंच पडतं की बिघडल्यावर कोणी हात लावणार नाही. पेडल म्हणून ते गुणी आहे : गेन कमी ठेवून ॲम्पला ढकलायला उत्तम, आणि अशा वेळी ज्या जर्मेनियम डायोडचा एवढा गवगवा होतो ते फारसे कामालाच लागत नाहीत. मूळ रचनेत चार्ज पंप आहे, तेव्हा ९ व्होल्टच्या वर जाऊ नका. आपली गिटार, आपला ॲम्प घेऊन तासभर वाजवू देत असेल आणि परत घ्यायची लेखी हमी देत असेल तर विचार करा, नाहीतर दुसरा विक्रेता बघा.